समावर्तनाची तिथी

विद्येला मुदत असावी काय, हा प्रश्न विद्यापीठाच्या दप्तरात सत्रारंभाची आणि पदवीदानाची तारीख मुक्रर करणाऱ्यांना क्वचितच पडत असेल; परंतु ज्या धर्मशास्त्रकारांनी गुरुकुलाचे वर्ष आखले, त्यांनी तो टाळला नाही.

त्यांचे वर्ष पर्जन्यकाळात सुरू होई. श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म, म्हणजे अध्ययनारंभाचा विधी, करून साडेचार महिने वेदाध्ययन करावे, पौषात अथवा माघ शुद्ध प्रतिपदेस गावाबाहेर उत्सर्जन, म्हणजे सत्रसमाप्तीचा विधी, करावे, आणि पुढे शुक्लपक्षात वेद व कृष्णपक्षात वेदांगे म्हणावीत, अशी मनुस्मृतीची व्यवस्था आहे. काही घरांतून जानवे बदलण्यापुरती उरलेली श्रावणी ही मुळात या सत्राची नांदी होय. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा या तिथी अनध्यायाच्या. शिवाय मेघ गर्जू लागले, रात्री वारा कानी घुमू लागला, कोल्ह्यांची कोल्हेकुई उठली, की पाठ थांबे. कारण जो शब्द अपौरुषेय मानला त्याच्या उच्चारणास सृष्टीचीही अनुज्ञा हवी, अशी श्रद्धा मला या नियमांमागे दिसते. मात्र नित्य स्वाध्याय, होममंत्र आणि वेदांगे यांना अनध्यायाची बाधा नसे.

समावर्तनाविषयी, म्हणजे अध्ययन संपवून गुरुगृहातून परतण्याविषयी, तर शास्त्राने अधिकच विचार केला आहे. तिन्ही वेदांसाठी छत्तीस वर्षे, नाहीतर अठरा, नाहीतर नऊ, असे पर्याय सांगून मनुस्मृती शेवटी ‘किंवा ग्रहण पुरे होईपर्यंत’, म्हणजे वेद आत्मसात होईपर्यंत, अशी मोकळीक देते. आणि पारस्कर गृह्यसूत्र वेद संपवून ब्रह्मचर्यव्रताची मुदत न संपवणारा विद्यास्नातक, मुदत संपवून वेद न संपवणारा व्रतस्नातक व दोन्ही संपवणारा विद्याव्रतस्नातक, असे तीन प्रकार मानते. काळ आणि ज्ञान ही एकाच दिवशी पुरी होतीलच असे नाही, हे सत्य येथे उघडपणे मान्य केलेले आहे. याच शास्त्राने स्त्रिया व शूद्र यांना त्या विद्येचे द्वार बंद ठेवले, हा त्याचा दोष कोणत्याही गौरवाने झाकला जाणार नाही.

हजारोंच्या महाविद्यालयात एक तारीख ठरवावी लागते, हे मान्य. तथापि ज्याचे ग्रहण अद्याप पुरे झालेले नाही अशा विद्यार्थ्याने आणखी एक सत्र मागितले, तर नापासाचा शिक्का न मारता ते त्यास द्यावे, एवढी तजवीज विद्यापीठांनी आपल्या नियमांत अवश्य करावी.