‘आमची प्रणाली जुन्यावरच चालते’

क्रोम ब्राउझर अद्ययावत करण्याचा इशारा या आठवड्यात पुन्हा आला, कार्यालयाकार्यालयांतून तो पुन्हा कागदावर छापला गेला, त्यावर ‘पाहिले’ अशी लफ्फेदार सही झाली आणि ज्या संगणकासाठी तो होता त्याच्या शेजारच्या फायलीत तो लावला गेला. त्या संगणकावरचे प्लास्टिकचे आवरण मात्र रोज संध्याकाळी न चुकता घातले गेले. यंत्राला धुळीपासून जपणारी ही निष्ठा यंत्रातील माहितीच्या वाट्याला का येत नाही, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मुळात नीतीचा आहे, आणि तो विचारण्यासाठी ‘सर्ट-इन’च्या, म्हणजे भारताच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, पुढच्या इशाऱ्यापर्यंत थांबण्याचे कारण नाही.

अनोळखी माणसांनी लिहिलेल्या आज्ञा कार्यालयातील संगणकावर दिवसभर पाळणारे सॉफ्टवेअर कोणते असेल, तर ते ब्राउझर; संकेतस्थळ उघडणे याचा अर्थच तो असल्यामुळे ब्राउझरमधील एखादी चूक हल्लेखोराला थेट आत येऊ देते. अशी चूक दुरुस्त करणाऱ्या तुकड्याला ‘पॅच’ म्हणतात, आणि पॅच प्रसिद्ध झाल्यानंतरचे दिवस तो न बसवणाऱ्यांसाठी आधीपेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकतात, कारण जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून काय बदलले ते पाहिले की चूक कोठे होती हे हल्लेखोरालाही कळते. बहुसंख्य वापरकर्त्यांकडे दुरुस्ती पोहोचेपर्यंत गूगल अशा चुकांचा तपशील राखून ठेवते आणि ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर आठवड्याला पाठवते, त्यामागे हेच गणित आहे.

घरचा संगणक जुना ठेवणारा माणूस निदान बराचसा धोका स्वतःच्या अंगावर घेतो. कार्यालयातील संगणक जुना ठेवणारा मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेली पासबुकाची प्रत, वारसनोंदीसाठी दिलेली कागदपत्रे, कोणाचे तरी पॅन आणि कोणाचा तरी आजार यांच्या वतीने धोका पत्करतो, आणि ज्यांचा तो धोका असतो त्यांना विचारलेलेही नसते. ‘नंतर आठवण करा’ या बटणावर टेकलेले बोट त्यामुळे दुसऱ्याच्या मालमत्तेविषयी निर्णय घेत असते, मग त्या बोटाच्या मालकाला तसे वाटो वा न वाटो.

सबबी अनेक असल्या तरी मान एकीलाच मिळतो: ‘आमची प्रणाली जुन्या ब्राउझरवरच चालते.’ हे वाक्य उच्चारताना आवाजात जे गांभीर्य येते ते ऐकले, तर प्रणाली म्हणजे दुसऱ्याच्या हातचे न चालणारी सोवळ्यातली आत्या असावी आणि साऱ्या घराने तिच्याभोवती जपून पावले टाकावीत, असेच कोणालाही वाटेल. वस्तुतः ही आत्या कोणीतरी निविदा काढून, दर मागवून आणि सही करून घरात आणलेली असते, आणि ‘विशिष्ट ब्राउझरची अट नसावी’ एवढे एक वाक्य करारात न घालण्याचे श्रेयही त्याच सहीकडे जाते. २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या अमदानीत अशा असंख्य प्रणाली ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’वर, म्हणजे संकेतस्थळाला संगणकात थेट उतरून काम करू देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर, उभारल्या गेल्या, आणि ‘१०२४ बाय ७६८ मध्ये उत्तम दिसेल’ अशी ओळ तळाशी मिरवणारी संकेतस्थळे, ज्यांत कोणत्याच मापात काहीही उत्तम दिसत नाही, ही त्याच घराण्यातली.

ही सबब केवळ येथलीच आहे असे मानून खंत करण्याचेही कारण नाही. जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील ‘झिरो-डे’चा, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध होण्यापूर्वीच हल्लेखोरांच्या हाती लागलेल्या चुकीचा, वापर झाल्याचे उघड झाले, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्समधील सरकारी यंत्रणांनी नागरिकांना तात्पुरता दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक लोकांनी सरकारी कार्यालयांतून आवृत्ती ६ हद्दपार करण्याची मागणी केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारचे उत्तर आले, ते असे की चाचण्या करून नवी आवृत्ती सर्वत्र बसवण्यात कित्येक आठवडे जातील आणि करदात्यांवर मोठा भार पडेल. करदात्यांची ही काळजी पुढे कशी फळाला आली पाहा: ज्या विंडोज एक्सपीबरोबर तो ब्राउझर आला होता तिचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये संपला, आणि तिच्यासह काही जुन्या उत्पादनांच्या एका वर्षाच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी त्याच सरकारने मायक्रोसॉफ्टला सुमारे ५५ लाख पौंड मोजण्याचा करार केला. दक्षिण कोरियाने तर १९९९ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या प्रमाणपत्र-व्यवस्थेमुळे आख्खे बँकव्यवहार अ‍ॅक्टिव्हएक्सला जखडून घेतले आणि त्या प्रमाणपत्रांचे खास स्थान डिसेंबर २०२० मध्ये जाईपर्यंत दोन दशके उलटली.

सबबीतला उरलासुरला अर्थही आता मायक्रोसॉफ्टनेच काढून घेतला आहे, कारण जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त करताना कंपनीने एज ब्राउझरमध्ये जुन्या संकेतस्थळांपुरती वेगळी सोय ठेवली आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असे सांगितले. म्हणजे आत्याबाईंची खोली तशीच ठेवून बाकीचे घर सुधारता येते. शिवाय ज्या ब्राउझरला प्रणालीसाठी इतक्या पावित्र्याने जपले असे सांगितले जाते, त्याच ब्राउझरमध्ये दुपारी क्रिकेटचा धावफलक, कोकण रेल्वेची प्रतीक्षायादी आणि भाचीच्या लग्नाच्या कार्यालयाचे दर उघडलेले असतात, तेव्हा सोवळे कोठे गेलेले असते हे विचारणे असभ्यपणाचे ठरते.

वेळ नाही, नेट हळू आहे, वरून लेखी आदेश नाही, या बाकीच्या सबबींना उत्तर देण्याइतके वजन नाही. विंडोज ७ वर अडकलेल्या यंत्रांना मात्र क्रोमची १०९ नंतरची आवृत्ती मिळतच नाही आणि तेथे दोष खरेदी समितीचा आहे.

एवढे सांगून झाल्यावर हेही मान्य करावे लागते की नवे ते निर्दोष असते असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले, आणि त्या दिवशी ज्यांच्याकडे ते अपडेट पोहोचले नव्हते ते शहाण्यांपेक्षा शांत झोपले. दोन-चार यंत्रांवर आधी चाचणी करून एक-दोन दिवसांनी सर्वत्र बसवणे हा आळस नव्हे. फायरफॉक्सची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती तर याच हेतूने निघते, आणि तिच्यात सुरक्षा-दुरुस्त्या येत राहतात, पण नव्या सोयींची भर साधारण वर्षातून एकदाच पडते. दर काही महिन्यांनी बटणांच्या जागा बदलून सेवानिवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कला पुन्हा बालवर्गात बसवण्याचा जो छंद ब्राउझर बनवणाऱ्यांना जडला आहे, तो पाहता जुन्यावरचे प्रेम अगदीच अनाकलनीय राहत नाही.

उरतो तो टेबलावरचा लिपिक, ज्याला काही बसवण्याचे अधिकारच दिलेले नसतात आणि म्हणून नीतीचा सारा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि बहुतेक ठिकाणी क्रोम नवी आवृत्ती स्वतःच उतरवून घेतो आणि फक्त बंद करून पुन्हा सुरू करण्याची वाट पाहत बसतो. कोपऱ्यातील खूण दोन दिवसांपर्यंत हिरवी, चार दिवसांच्या सुमारास नारिंगी आणि आठवडा उलटला की लाल होते, आणि ती लाल झालेली असतानाही तिच्यावर संध्याकाळी प्लास्टिकचे आवरण चढते. उघडलेली पाने हरवतील ही भीतीही निराधार आहे, कारण पुन्हा सुरू केल्यावर ती जशीच्या तशी परत येतात. परत येत नाहीत ती फक्त ‘इन्कॉग्निटो’ची, म्हणजे मागे नोंद न ठेवणाऱ्या खिडकीतली, पाने, आणि या एका अपवादापायी किती कार्यालयांची सुरक्षा रखडली आहे हे माहितीच्या अधिकारातही कळण्यासारखे नाही.