डोक्यांचा ताळेबंद

माणसाच्या आयुष्यात रेघेला फार मान आहे. तळहातावरच्या रेघा पाहून लग्नं ठरतात आणि कपाळावरच्या रेघा पाहून ती कशी चालली आहेत ते कळतं. आमच्या बँकेत तर रेघेवाचून पान हलत नाही. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की प्रत्यक्ष मालक आला तरी त्याला काउंटरवर रोख मिळत नाही. बेरजेखाली दोन आडव्या रेघा ओढल्या की मग ब्रह्मदेवालाही त्यात एक आकडा घुसडता येत नाही. मी पडलो बी.कॉम. या दोन रेघांवर माझी जी श्रद्धा आहे ती शेजारच्या काकांची सत्यनारायणावरसुद्धा नसेल.

पण ज्या रेघेवर आपलं सगळं राजकारण उभं आहे, ती मात्र आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. गावाच्या वेशीवर मारुती असतो. जिल्ह्याच्या हद्दीवर ‘स्वागत’ आणि ‘पुन्हा भेटू’ असं दोन्ही बाजूंनी लिहिलेली पाटी असते. मतदारसंघाच्या हद्दीवर काहीच नसतं. म्हशी इकडून तिकडे जातात, पाऊस दोन्हीकडे सारखा पडतो, आणि आपण कुणाचे मतदार झालो हे माणसाला निवडणुकीच्या वेळी, तेही दुसऱ्याकडून कळतं.

आता माझंच पाहा. मी राहतो बदलापुरात आणि नोकरी करतो मुरबाडच्या शाखेत. रोज बारवी धरणाच्या बाजूने जातो-येतो. हिचं माहेर शहापूरचं. मुरबाड आणि शहापूर हे शेजारी तालुके, दोन्ही भिवंडी लोकसभा मतदारसंघात. विधानसभेला मात्र शहापूर वेगळं, ते अनुसूचित जमातींसाठी राखीव. आणि मुरबाड वेगळं, ते खुलं. पण खरी गंमत पुढेच आहे. मुरबाड मतदारसंघात मुरबाड तालुका आहेच, शिवाय आमचं बदलापूर शहरही आहे. म्हणजे माळशेजच्या पायथ्याशी नाचणी लावणारा शेतकरी आणि सात बावन्नच्या लोकलला लोंबकळणारा चाकरमानी, दोघांचा आमदार एकच. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. पाहिलंच तर एकाने दुसऱ्याला ‘काय भावाने देणार?’ असं विचारलेलं असतं.

हे असं का झालं? यात कोणाचा डाव असावा अशी शंका मलाही आली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ साली आपल्या पक्षाच्या सोयीचे मतदारसंघ मंजूर केले. त्यातला एक नकाशावर सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसत होता. बिचाऱ्याचं नाव त्या प्राण्याला जोडून जो शब्द तयार झाला, तो आजही इंग्रजीत शिवीसारखा वापरतात. आपल्याकडे हे काम निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने केलं. आमदार-खासदार त्यात सहयोगी सदस्य होते, म्हणजे त्यांना बोलता येत होतं, पण मत देता येत नव्हतं. लोकप्रतिनिधींना मतदाराच्या अवस्थेचा असा अनुभव फार क्वचित मिळतो.

मग मी आमच्या खात्याच्या पद्धतीने आकडे तपासले. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. जागा २८८. भागाकार केला की एका आमदारामागे १ लाख ७५ हजार माणसं येतात. त्या वेळी ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती साधारण २२ लाख ८१ हजार. पुन्हा भागाकार: उत्तर १३. आणि ठाणे जिल्ह्याला जागा होत्या बरोब्बर १३! टॅली झालं की बँकेतल्या माणसाच्या अंगावर जो काटा येतो तो इतरांना समजायचा नाही.

नंतर १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी गोठवली. ज्या राज्यांनी कुटुंबं आटोक्यात ठेवली त्यांना जागा कमी होण्याची शिक्षा नको, असा विचार त्यामागे होता. विचार चांगला होता. पण ठाणे जिल्ह्याला गोठणं माहीतच नव्हतं. २००१ च्या जनगणनेत जिल्हा ८१ लाख ३१ हजारांवर गेला आणि आमदार तेच १३. एकेकाच्या वाट्याला सव्वासहा लाख माणसं! राज्याची सरासरी होती ३ लाख ३६ हजार. म्हणजे ठाणेकराच्या मताच्या रुपयाचे सुमारे ५४ पैसे झाले होते. खातेदाराच्या पासबुकात आम्ही असं केलं असतं तर त्याने शाखेच्या काचा फोडल्या असत्या. इथे पंचवीस वर्षं कोणाला पत्ता नव्हता, कारण मत हे खातं असं आहे की त्याचं पासबुक कोणी भरून मागत नाही.

आयोगाने २००१ चे आकडे घेऊन नव्याने भाग दिला. उत्तर २४. ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या, आणि २००९ ची निवडणूक नव्या रेघांवर झाली. (२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा त्यातल्या ६ तिकडे गेल्या, १८ इकडे राहिल्या. इथेही टॅली.) आता जागा राज्यात २८८ च. म्हणजे इथे वाढल्या त्या दुसरीकडून आल्या. रत्नागिरीतलं खेड गेलं, सिंधुदुर्गातलं मालवण मतदारसंघाच्या यादीतून उठलं. खुद्द आमच्या जुन्या जिल्ह्यात जव्हार आणि वाडा ही नावं गेली, आणि डोंबिवली, नालासोपारा, मीरा-भाईंदर, ऐरोली ही आली. गावांची नावं गेली, स्टेशनांची आली असं म्हणायला हरकत नाही.

मुरबाड तालुका एकटा या भागाकारात बसेना. २०११ सालीसुद्धा त्याची लोकसंख्या १ लाख ९० हजारांच्याच घरात होती. म्हणजे हिशेबाने अर्धा आमदार. अर्धा आमदार देता येत नाही (पूर्ण देऊन अर्धाच पोचल्याचे अनुभव वाचकांना असतील). तेव्हा तालुक्याला जोड लागली, ती बदलापूरची. २००१ साली आमचं गाव लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. त्यानंतर इमारतींनी जे काही केलं आहे ते खिडकी उघडली की दिसतं; म्हणजे समोरची इमारत दिसते.

इथवर सगळं चोख आहे. माझं कॉमर्सचं मन म्हणतं, डोकं मोजलं, भाग दिला, दोन रेघा ओढल्या, विषय संपला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, की प्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नसतात. आणि जमिनीला मत दिलं की काय होतं त्याचा दाखला इंग्लंडने देऊन ठेवला आहे. ओल्ड सॅरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकाडाला १८३२ सालापर्यंत पार्लमेंटात दोन सभासद होते! गवत काही मतदान करत नव्हतं. गवताचा मालक करत होता. एकराला मत देऊ केलं तर ते एकरवाल्याच्या खिशात जाईल, माळावरच्या कातकऱ्याला त्यातलं काही मिळायचं नाही. तेव्हा डोकंच मोजायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आली ती काउंटरवर. एक म्हातारे खातेदार दर महिन्याला पेन्शन काढायला येतात. पाचशेच्या नोटा घेत नाहीत, शंभराच्याच मागतात, आणि मोजता मोजता बोलतात. निवडणुकीचे दिवस होते. त्यांनी विचारलं, “साहेब, तुमच्या बिल्डिंगीत मतं किती?”

“असतील दीडशे, मामा.”

“आमच्या पाड्यावर पन दीडशेच हायेत. पन तुमच्याकडं पुढारी आला का एका जाग्यावर हुबा ऱ्हाऊन दीडशे मानसं भेटतात. आमच्याकडं त्याला दोन वहाळ वलांडावं लागतात. मंग तो कुठं जाईल?”

आणि त्यांनी नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

मी पंचवीस वर्षं टॅली करतो आहे, पण जमेच्या आणि खर्चाच्या बाजू इतक्या स्वच्छ कोणी मांडलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. मताची किंमत दोघांची सारखी, पण ते मत मागायला जाण्याचा खर्च सारखा नाही. आमचा आवाज लिफ्टने पोचतो, त्यांचा वहाळ ओलांडून. उमेदवारालाही भागाकार येतो.

दुसरी गोष्ट हिच्या माहेरची. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आहे. आणि त्याच तालुक्यात उन्हाळा आला की पाड्यापाड्यावर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण शहापूरकडे म्हण म्हणून कोणी वापरत नाही, पत्ता म्हणून वापरतात. आता या पाण्याचा मतदारसंघांशी काय संबंध? तर डोकं मोजतात ते जिथे पाणी पितं तिथे. पाणी जिथून निघतं तिथे नव्हे. पोरांचंही तेच. मुरबाडचा पोरगा बारावी झाला की कल्याणला, डोंबिवलीला, बदलापूरला जातो, आणि त्याचं डोकं तिकडच्या बेरजेत जमा होतं. गावात उरतात ते आईबाप. पाणी गेलं, पोरगा गेला, आणि दर पुनर्रचनेला त्यांच्याबरोबर आवाजही थोडा थोडा जातो. यात कोणी चोरी केलेली नाही. प्रत्येक व्हाउचर खरं आहे. तरीही दिवसाच्या शेवटी एकाच बाजूच्या हातात काही उरत नाही.

हाच पेच मोठ्या अक्षरांत तामिळनाडू, केरळ मांडतात. जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेली राहावी असं ८४ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं होतं, आणि त्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख २०२५ साली जाहीर झाली. तेव्हा जी चिंता दिल्लीत दाक्षिणात्य खासदार इंग्रजीतून सांगतात, ती आमच्या काउंटरवर मामा शंभराच्या नोटा मोजताना सांगतात.

मग न्याय कशात आहे? कायद्यालाही हा प्रश्न पडलेला दिसतो. नुसती डोकी मोजली तर काही डोकी बुडतील हे ओळखूनच त्याने राखीव जागा ठेवल्या. शहापूरची जागा त्यातलीच. मतदारसंघ आखताना डोंगर-नद्या, दळणवळण आणि लोकांची सोय पाहा, असंही कायद्यात लिहिलं आहे. जम्मू-काश्मीरची पुनर्रचना २०२२ साली झाली तेव्हा आयोगाने जिल्ह्यांचे डोंगराळ, मधले आणि सपाट असे तीन वर्ग केले आणि सरासरीपासून १० टक्के इकडे-तिकडे व्हायची मुभा ठेवली. डोंगरातल्याला थोडी कमी डोकी चालतील, सपाटीवरच्याला थोडी जास्त. आमच्याकडे दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत बसवतात, त्यामुळे दहा टक्के ऐकून मी आधी दचकलो. पण विचार केल्यावर पटलं. वहाळाचा खर्च धरला तर ती सूट नसून वाजवी वजावट आहे. पुढच्या खेपेला मुरबाड-शहापूरला ती मिळावी.

तरी एवढ्याने भागणार नाही. कारण रेघ कशीही ओढली तरी तिच्या आत कोणीतरी जास्त असणार आणि कोणीतरी कमी. ताळा जुळल्याशिवाय न्याय होत नाही हे खरं, पण ताळा जुळला म्हणजे न्याय झाला असंही नाही. उरलेलं काम आयोगाचं नाही, ते जास्त असणाऱ्यांचं आहे. म्हणजे माझं. माझं मत एक, मामांचंही एक. पण उमेदवार माझ्या जिन्यात उभा असतो. तेव्हा त्यांचा प्रश्न विचारण्याचा खर्च मला शून्य येतो, त्यांना दोन वहाळ.

तेव्हा गेल्या निवडणुकीत उमेदवाराची माणसं आमच्या सोसायटीत आली आणि पार्किंग, लिफ्ट, लोकलच्या वाढीव फेऱ्या असे सगळे विषय झाले, तेव्हा मी उठून विचारलं, “मुरबाडकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, त्याचं पुढे काय ठरलंय?”

क्षणभर सगळे गप्प झाले. कार्यकर्त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. आणि खुर्च्या उचलता उचलता आमचे सेक्रेटरी माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, “काय हो, कळू दिलं नाहीत! तिकडे प्लॉट कधी घेतलात?”