जामीन कोणाचा?

रोहिणी सरत आल्या, की शिरपूर तालुक्यातील तापीकाठच्या काळ्या रानांत, आभाळात ढगाचा मागमूस नसताना, आमचे शेतकरी ज्याला धूळपेरणी म्हणतात ती सुरू होते. नांगरून, वखरून, काडीकचरा वेचून सिद्ध केलेल्या कोरड्या मातीत सरकी पडते. माणूस पुढे सरकतो तशी मागे धूळ उठते. आणि पाऊस लांबला तर बियाणे वाया जावयाचे, हे बी टाकणाऱ्या हाताला पुरते ठाऊक असते. ख्रिस्ती जीवनात ईश्वरावलंबन आणि स्वावलंबन यांचा वाद निघाला म्हणजे मला हा शेतकरी आठवतो. कारण कष्टांत त्याने तसूभर कसूर केलेली नसते, आणि तरीही पिकाला जामीन राहणे त्याच्या हाती नसते.

शास्त्राने निषेध केला आहे तो या जामीनकीचा, कष्टांचा नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील धनवानाच्या दृष्टान्तात त्याचे पीक उदंड आले हा काही त्याचा गुन्हा नाही. पुढील पुष्कळ वर्षांचा मक्ता आपल्याला मिळाला आहे, असे त्याने आपल्या जिवाला परस्पर सांगून टाकले, हा त्याचा मूर्खपणा. पौल तर तंबू शिवून पोट भरीत असे. पण आसिया प्रांतातील प्राणांतिक संकटाविषयी लिहिताना, आपण स्वतःवर भिस्त ठेवू नये म्हणूनच ते ओढवले, असा त्याने निर्वाळा दिला आहे.

हा भेद पंडिता रमाबाईंच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसेल. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले होते म्हणून. मुदत सरल्यावर काय, या विचाराने त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. बागेचे उत्पन्न येईल आणि सदन आपल्या पायावर उभे राहील, असा तो सरळ, शहाणपणाचा हिशेब होता. परंतु 1896-97 चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातून उपासमारीने अर्धमेल्या झालेल्या शेकडो मुली बाईंनी आणल्या, आणि मोजक्या विधवांच्या सोयीचा तो हिशेब पार निकालात निघाला. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते; कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथांना पोसणाऱ्या त्या पुरुषाचा मार्ग त्यांनीही पत्करला. मात्र बाग त्यांनी तोडली नाही. विहिरी खणल्या, मुलींना शेती शिकविली, छापखाना घातला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणावयाचे ठरविले तेव्हा त्या भाषा स्वतः शिकल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवण्यापूर्वी ते भाषांतर तडीस नेले. त्या ग्रंथाचे खिळे जुळविले तेही केडगावच्या या मुक्ती सदनातील स्त्रियांनीच. ईश्वरावर भार टाकणे म्हणजे हात बांधून बसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे केडगाव एकदा नीट पाहावे.

येथे एक आक्षेप निघतो व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पैसा आला तो अखेर माणसांकडूनच ना? मग हे परावलंबनाचेच सोज्ज्वळ नाव नव्हे काय? खानदेशात हा प्रश्न दूरचा नाही. फ्रेडरिक फ्रान्सनने 1890 मध्ये शिकागोत स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात आले; त्याच परंपरेतून 1942 मध्ये नवापूरकडे चिंचपाड्याचा दवाखाना उभा राहिला. ज्यांच्या पाठीशी परदेशातील मंडळ्या, त्यांनी देवावर भरवसा ठेवा असे सांगणे सोपे. ऐकणाऱ्या भिल्ल-मावची कुटुंबाच्या पाठीशी सावकाराच्या खताखेरीज काय होते? हा आक्षेप मला खरा वाटतो, पण अपुरा वाटतो. माणसांच्या हातून मदत येणे वेगळे आणि माणसाला जामीन मानणे वेगळे. कारण ज्याला जामीन मानावे त्याच्या अटीही मानाव्या लागतात. ठरलेल्या देणगीवर विसंबून राहिल्या असत्या तर रमाबाईंना देणगीच्या आकड्याइतक्याच मुली घेता आल्या असत्या. तो आकडा त्यांनी झुगारला म्हणूनच दुष्काळातील मुलीपुढे दार लावण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

अधिक अवघड प्रश्न मला रेव्हरंड टिळकांच्या घरात दिसतो. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने देवाचा दरबार मांडला. त्यागाची ही उंची वादातीत आहे. पण कर्ता पुरुष उद्याची चिंता देवावर सोपवून निर्धास्त होतो तेव्हा ती चिंता खरोखर देवाकडे जाते, की स्वयंपाकघरात डाळ-तांदळाचे डबे चाचपणाऱ्या पत्नीकडे, हे धर्मोपदेशकांनी फारसे विचारलेले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ते पानोपानी विचारावेसे वाटते. टिळक 1919 मध्ये वारले, आणि त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईने पुरे केले. पै-पैची काळजी वाहणारी ही बाई टिळकांहून उणी ईश्वरनिष्ठ होती, असे मला कधीच वाटले नाही. टिळकांनी ज्या दात्यावर भार टाकला त्याने तो पुष्कळ अंशी तिच्याच हातून वाहविला.