पिल्लं दिसली नाहीत म्हणून रडणाऱ्यांनो

हसणं बंद. वेळासच्या सहलीवरचे तुमचे निबंध वाचून झाले आणि वाचता वाचता माझा पारा चढला. निम्म्या वर्गाचं एकच रडगाणं: कासवाची पिल्लं दिसली नाहीत, सहल फुकट गेली. कासविणीनं तुम्हाला लेखी दिलं होतं का, की शनिवारी सकाळी सातला पिल्लं हजर ठेवते म्हणून?

निघण्यापूर्वी फळ्यावर सगळं लिहून दिलं होतं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी वाळूच्या उबेवर. ऊब कमी-जास्त झाली की दिवस पुढंमागं होतात. गावातले कासवमित्र सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं वर आली असली तर असतात, नसली तर नसतात. आपल्या वेळी नव्हती. त्यावर तुमच्यातला एक शहाणा त्यांना म्हणतो, ‘काका, थोडं उकरून बघा ना!’ मान खाली घालू नकोस, वर बघ. तू झोपलेला असतोस तेव्हा ती माणसं अख्खा किनारा तुडवतात, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरटं शोधतात, अंडी अलगद काढून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरतात. आणि तुझ्या मोबाइलसाठी त्यांनी ती उकरायची?

कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी म्हटलं, पण घरट्यापाशी सगळ्यांत आधी माणूसच पोचायचा. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या मागावर कोकण किनारा पालथा घालत होते, तेव्हा वेळासला त्यांना कासवाची अंडी चोरीला जात असल्याचं दिसलं. ती खाल्ली जात, विकली जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. म्हणजे कायदा होऊन तीस वर्षं झाली होती आणि घरटी रिकामी होत होती. रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर कायदा हिंडत नाही, गावातला माणूस हिंडतो. तो चोरायला हिंडतो की राखायला, यावर सगळं ठरतं. २००६ पासून तिथं कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले, तिथंच जेवू लागले. अंडं विकलं की पैसे एकदाच मिळतात. पिल्लू समुद्रात जाताना बघायला माणसं मात्र दरवर्षी येतात. एवढं साधं गणित आहे, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांच्या एकाही वहीत ते मला सापडलं नाही.

सापडलं काय? ‘एसी नव्हता.’ ‘न्हाणीघर मागच्या अंगणात होतं.’ ‘नाश्त्याला नूडल्स नव्हते.’ ज्या काकूंनी पहाटे उठून तुमच्यासाठी घावन घातले, त्यांच्या ताटाच्या दरावरून घासाघीस करणारे महाभागही तुमच्यातलेच. कान उघडे ठेवून ऐका. तुमच्या कॅमेऱ्यानं कासव वाचत नाही. तुमच्या डोळ्यांत आलेल्या पाण्यानंही वाचत नाही. त्या काकूंच्या हातात पडलेल्या पैशांनी वाचतं. पिल्लू न दिसताही ज्यानं मुकाट्यानं ताटभर जेवून पूर्ण पैसे दिले आणि ‘पुन्हा येईन’ म्हटलं, त्यानं कासवासाठी काहीतरी केलं. आणि ज्या पालकांनी सहलीचे अर्धे पैसे परत मागणारी चिठ्ठी शाळेला धाडली आहे, त्यांना सांगा, मिळणार नाहीत. ते ज्या घरांत पोचायला हवे होते तिथं पोचले आहेत.

गेल्या वर्षीच्या वर्गाला पिल्लं दिसली होती. दोरीपलीकडे राहा म्हटलं तरी पुढं घुसले. फ्लॅश मारू नका म्हटलं तरी मारले, जणू पिल्लं प्रकाशाच्या दिशेनं जातात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ‘क्यूट, क्यूट’ करून परत आले, आणि पुढं? काही नाही. तेव्हा दिसण्या-न दिसण्याचं कौतुक मला सांगू नका.

आता तुमचं ते लाडकं वाक्य. ‘या सहलीतून निसर्गरक्षणाची प्रेरणा मिळाली.’ इतक्या वह्यांत ते शब्दाला शब्द जुळतंय की मूळ लेखक कोण, ते मी शोधून काढणारच आहे. प्रेरणा मिळाली, मग कुठं आहे? कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं वेळासच्या वाळूत टाकून आलात, ती मी उचलली, तेव्हा कुठं होती?

आपली शाळा अंधेरीत आहे. वर्सोव्याचा किनारा इथून रिक्षाच्या अंतरावर. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोझ शहा नावाच्या वकिलानं शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना सोबत घेऊन तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू लोकही हात लावू लागले. तिथं प्लॅस्टिकचा असा थर होता की वाळू दिसत नव्हती. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली. मुंबईत! तुम्ही त्या किनाऱ्यावर भेळ खायला जाता आणि कागद तिथंच सोडून येता. कासव बघायला मंडणगड तालुक्यातलं वेळास गाठायचं आणि घराजवळच्या किनाऱ्याचा उकिरडा करायचा, याला मी निसर्गप्रेम म्हणत नाही, चैन म्हणतो.

वह्या परत घेऊन जा. निबंध पुन्हा लिहायचा. आपण ज्या घरी राहिलो त्या घराची मिळकत कासवावर कशी चालते, विणीचा हंगाम संपला की ते घर काय करतं, पुढच्या वर्षी पाहुणे आलेच नाहीत तर रात्री किनाऱ्यावर कोण हिंडेल, एवढंच लिहायचं. सूर्यास्ताचं वर्णन दिसलं तर पान फाडीन. माहिती नसेल तर काकूंना फोन करा, आणि आधी घासाघिशीबद्दल माफी मागा.

आणि रविवारी सकाळी सात वाजता वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सगळे हजर. हातमोजे शाळा देईल. मोबाइल घरी ठेवून या.