सनद आणि सरकी

‘पेटंट’ या शब्दाचा मूळ अर्थ उघडे पत्र. राजमुद्रेचे, कोणीही वाचावे असे. म्हणजे माळव्यातील आपल्या मराठी घरांच्या परिचयाची सनदच. पवार-होळकरांच्या मागे इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी नांगर न धरता दुसऱ्याच्या पिकातला वाटा खाल्ला, तो सनदेच्या बळावर. मध्य भारतातील जहागिरी १९५१ च्या कायद्याने गेल्या. पेटंटची सनद त्या मानाने विनयशील. तिची मुदत २० वर्षांचीच.

बागलीहून घाट उतरून निमाडात गेले की जो बीटी कापूस दिसतो, त्यावर अशीच एक सनद होती. मोन्सॅन्टो कंपनीने जिवाणूतील जनुक कापसात उतरविण्याचे पेटंट घेतले आणि जालन्याच्या महिकोशी भागीदारी करून देशी बीज कंपन्यांना परवाने दिले. परवान्याच्या वेळी एकरकमी शुल्क, शिवाय प्रत्येक पाकिटामागे रॉयल्टी. नजराणाही आणि साराही! हैदराबादच्या नुझिवीडू कंपनीशी साऱ्यावरून बिनसले व पेटंटभंगाचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात गेला.

११ एप्रिल २०१८ रोजी अपिलात खंडपीठाने पेटंटच अवैध ठरविले. वनस्पती, तिचे भाग व बियाणे यांना पेटंट नाही, असे पेटंट कायद्याचे कलम ३ (जे) सांगते. संकर होऊन जनुक सरकीत मिसळले की ते सरकीचेच झाले, असा निकालाचा आशय होता.

आम्हांस हा विचार पटतो. शोध लावणाऱ्याच्या श्रमाचे मोल नाकारणे हा अन्यायच. प्रयोगशाळेत जनुक घडविणे हे मनुष्याचे कर्तृत्व आहे. परंतु पुढे पिढ्यान् पिढ्या ते वाढविते ते झाड, आणि त्या वाढीवर मालकी सांगणे ही वतनदारी होय. अर्थात संकरित सरकी शेतकऱ्यास अशीही दरवर्षी विकतच घ्यावी लागते. पेटंट गेल्याने ते सुटत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी तो निकाल फिरविला : साक्षीपुरावा न घेता एवढा प्रश्न निकालात काढता येत नाही, असे म्हणून दावा एकल न्यायाधीशांकडे परत धाडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंटची मुदत सरली. २०२१ मध्ये उभय कंपन्यांनी समेट केला. सरकीतील जनुक कोणाचे, हे ठरलेच नाही. गुलाबी बोंडअळीने दरम्यान त्या जनुकास दाद देणे सोडले होते. आणि ज्याच्या शेतात हे सारे उगवत होते, तो शेतकरी या दाव्यात वादीही नव्हता, प्रतिवादीही नव्हता.