जागर आणि जागरण

वैष्णवहो, एकादशीचा जागर हा आपला कुळधर्म. पण रोजचे जागरण म्हणजे व्रत नव्हे. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोपणाऱ्याप्रमाणेच अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही, असे भगवंतांनी सांगितले आहे.

लालबाग-परळच्या गिरण्यांत तिसरी पाळी असे. रात्रभर साच्यावर उभा राहिलेला कामकरी दिवसा चाळीच्या गलक्यात डोळा लावू पाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, रात्रपाळी मात्र गेली नाही. ती आता इस्पितळात, पहाऱ्यावर, टॅक्सीत आहे. प्रौढ माणसाला निदान ७ तास झोप हवी. ती वर्षानुवर्षे तुटली की रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचा धोका वाढतो, असे वैद्यक सांगते. पोटासाठी जागतो त्याला दोष कसा द्यावा?

मात्र आपल्या भजनाने अशा दमल्याभागल्याची झोप मोडत असेल, तर ते पुण्य कसले? आपली झोप देवाला वाहावी; दुसऱ्याची वाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. सन २००० च्या ध्वनिनियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरच्या कर्ण्याला एरवी मनाई केलीच आहे. पण वैष्णवाला त्यासाठी कायदा कशाला हवा? टाळ हळू वाजवला म्हणून पांडुरंगाला ऐकू येत नाही, असे थोडेच आहे! रामकृष्णहरि.