मौन कुणाला परवडतं?



आपल्या केंद्राच्या ग्रुपवर एक नियम आहे : ‘इथे राजकारण नको.’ नियम चांगलाच आहे. सकाळच्या नामस्मरणाच्या मेसेजखाली पक्षांची भांडणं सुरू झाली, तर सत्संगाचा बाजार व्हायला वेळ लागणार नाही. पण 2025 च्या नोव्हेंबरमध्ये मतदार यादीच्या विशेष तपासणीचे फॉर्म आपल्या मध्य प्रदेशात घरोघरी आले, तेव्हा आम्ही काही सेवेकरी भगिनींनी ‘आपापलं नाव यादीत आहे का, बघून घ्या’ एवढंच ग्रुपवर टाकलं. त्यावरही हाच नियम दाखवला गेला. कुणी लिहिलं, ‘आपण साधक माणसं, आपल्याला काय करायचंय?’ कुणी लिहिलं, ‘हे पुढाऱ्यांचं काम.’

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण प्रश्न मनात राहिला. साधकाने, गृहिणीने, शिक्षकाने, दुकानदाराने मताच्या हक्काबद्दल बोलावं की नाही? आणि बोलायचं नाही असं ठरवलं, तर ते मौन आहे की नुसतं गप्प बसणं?

आधी एक गोष्ट वेगळी करून पाहू. ‘राजकारण’ या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. पहिली, मत देण्याचा हक्क : नाव यादीत असणं, केंद्रापर्यंत पोचता येणं, न घाबरता बटण दाबता येणं. दुसरी, प्रश्न : नळाला पाणी, रस्ता, शाळा, औषधं, महागाई. तिसरी, पक्ष : कोण निवडून यावा. सत्संगात तिसरी गोष्ट नको, हे आम्हालाही मान्य आहे. दुसरी जरा सांभाळून, माहिती घेऊन बोलावी. पण पहिली गोष्ट कुठल्याच पक्षाची नाही. ती बोलायला आपण का कचरतो?

याच्या मागे जुना इतिहास आहे, आणि तो आपल्या बायकांचा आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 मध्ये झाली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. यादी करायला माणसं दारोदार गेली, तेव्हा असंख्य बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. आयोगाने सांगितलं, की प्रत्येक मतदाराचं स्वतःचं नाव हवं. तरीही ज्यांची नावं मिळाली नाहीत, अशा जवळजवळ 28 लाख बायकांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. देशभरात स्त्री मतदार तेव्हा साधारण 8 कोटी होत्या. वगळलेल्या बहुतेक नोंदी बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत इथल्या होत्या. मध्य भारत म्हणजे आपलं इंदूर-ग्वाल्हेर! म्हणजे आपल्याच आज्या-पणज्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना घटनेने दिलेला हक्क हातात आला नाही. कुणी तो हिसकावून घेतला नव्हता. बाईने परक्या माणसापुढे आपलं नाव घ्यायचं नाही, ही ‘मर्यादा’ आड आली. गप्प बसणं हा तेव्हाही सद्गुणच समजला जात होता.

आज आपण नाव सांगतो, सहीही करतो. पण 2025 च्या फॉर्मने तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने समोर आणला. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत तुमचं, किंवा तुमच्या आई-वडिलांसारख्या नातलगाचं नाव कुठे होतं, ते त्यात लिहायचं होतं. पुरुषांना हे सोपं गेलं; तेच घर, तेच आडनाव. आपल्याकडे मात्र लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहितात. माहेरची सुमन इथे येऊन वैशाली होते, आडनावही बदलतं. माहेर कुणाचं जळगावचं, कुणाचं नागपूरचं. मग वडिलांचं नाव महाराष्ट्राच्या जुन्या यादीत शोधायचं, तेही कुठल्या वॉर्डात, कुठल्या शाळेच्या केंद्रावर हे आठवून. आपल्या घरात मुलं शिकलेली, मोबाइलवर शोधून देणारी. म्हणून आपलं निभावलं.

पण आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचं काय? तोच फॉर्म हातात घेऊन ती विचारते, ‘दीदी, इसमें क्या भरना है?’ तिचं माहेर दूरच्या खेड्यात, वडील गेलेले, घर भाड्याचं आणि दर दोन वर्षांनी बदलणारं. त्या वेळी ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ हे उत्तर देता येईल का? ज्याचं नाव यादीत पक्कं आहे, त्यालाच मौन परवडतं. मौन आपलं असतं, पण त्याची किंमत बऱ्याचदा दुसरंच कुणी मोजतं. आमच्या सगळ्या म्हणण्याचं सार एवढंच आहे.

खरं मौन हे व्रत आहे. ज्याला बोलता येतं, बोलायची मुभा आहे, आणि तरी जो वाणी आवरतो, त्याचं ते मौन. निंदा, चहाडी, स्वतःची बढाई यांच्यापासून वाणी आवरायची असते. समोरच्याचा हक्क जात असताना ‘उगाच वाईटपणा कशाला’ म्हणून गप्प बसलो, तर ती सोय झाली. तिला अध्यात्माचं नाव देऊ नये. आपल्या संतपरंपरेनेही हे शिकवलेलं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज भजनं म्हणत गावोगाव फिरले, 1942 च्या आंदोलनात तुरुंगात गेले, आणि ‘ग्रामगीते’त गावाच्या कारभाराबद्दल, निवडणुकीबद्दलही त्यांनी लिहिलं. त्यांच्या भक्तीला त्याने काही कमीपणा आला नाही.

आता धंदा-नोकरीचं पाहू, कारण खरी अडचण तिथेच असते. सरकारी नोकरीतले बंधू म्हणतात, ‘आम्हाला बंदी आहे.’ बरोबर आहे. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याने पक्षात जायचं नाही, प्रचार करायचा नाही, आपण कुणाला मत दिलं हेही सूचित करायचं नाही. पण मत देण्याचा हक्क त्याच नियमात शाबूत ठेवला आहे. ‘यादी तपासा’ हे शेजाऱ्याला सांगणं म्हणजे प्रचार नव्हे. शिक्षक आणि अंगणवाडीच्या भगिनींना तर कितीदा बीएलओ म्हणून हेच काम करावं लागतं.

दुकानदार बंधूंना गिऱ्हाईक तुटायची भीती असते. ती खोटी नाही; पोट सगळ्यांनाच आहे. पण 2023 च्या विधानसभा मतदानाला आपल्या छप्पन दुकानवाल्यांनी सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट खाऊ घातली. बोटाची शाई पाहिली, पक्ष विचारला नाही. हक्काची बाजू घेऊनही गिऱ्हाईक टिकतं, ते असं.

ज्यांच्याकडे माणसं कामाला आहेत, त्यांच्यासाठी कायदा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 135-ब कलमाप्रमाणे उद्योग-व्यवसायातल्या मतदार कामगाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची असते, रोजंदारीवाल्यालाही. घरकामाच्या बाईला ती मिळावी म्हणून आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? त्या दिवशीची भांडी आपण घासू या. तीही सेवाच.

आणि आम्ही गृहिणी? ‘हे सांगतील तिकडे’ असं म्हणायची सवय अजून कितीतरी घरांत आहे. संसार दोघांचा असतो, मत मात्र एकेकाचं. मतदान गुप्त असतं, ते नवऱ्यापासूनही. कुणाला मत दिलंस, हे साक्षीदाराला कोर्टातसुद्धा सांगायला भाग पाडता येत नाही, असं कायद्याच्या 94 व्या कलमात आहे. मग जेवणाच्या टेबलावर ते सांगायची सक्ती कशाला?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, आपल्यासारख्या गुरुपरिवारांचा. बोलायची मोकळीक म्हटली, की उद्या कुणी म्हणेल, ‘गुरूंची इच्छा आहे, अमक्यालाच मत द्या, नाहीतर कृपा जाईल.’ ही भीती रास्त आहे. कायदा करणाऱ्यांनीही ती ओळखली होती. 1951 च्या त्याच कायद्याच्या 123 व्या कलमात, उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी मतदाराला दैवी कोपाची भीती घातली, तर तो भ्रष्ट आचार ठरवला आहे. प्रचारासाठी देवळाचा मंच वापरू नये, असं आचारसंहिताही सांगते. म्हणून सीमा साफ असू द्या : श्रद्धेच्या जोरावर कुणाचं मत वळवायचं नाही, आणि श्रद्धेच्या नावाखाली कुणाचा आवाज दाबायचाही नाही. आपण पहिली अर्धी सीमा नीट पाळतो. दुसरी विसरतो.

कुणी म्हणेल, ‘एवढं बोलून, मत देऊन बदलतं काय?’ आपल्याच शहराचं उदाहरण आहे. 2024 च्या लोकसभेला इंदुरात एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. 13 मे ला मतदान झालं आणि 2,18,674 जणांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हा इथला विषय नाही. नोटाने निकाल फिरत नाही, हे ठाऊक असूनही इतकी माणसं मे महिन्याच्या उन्हात केंद्रावर गेली. दुसरे कितीतरी आपापल्या उमेदवाराला मत द्यायला गेले. दोघांनीही घरी बसणं नाकारलं. फळाकडे न पाहता कर्म करायचं, हे आपण दर प्रवचनात ऐकतो. मतासारखं त्याचं रोजच्या जगण्यातलं दुसरं सोपं उदाहरण क्वचितच सापडेल. लाखांत एक मत. त्याने काय झालं हे आपल्याला कधीच कळत नाही, तरी ते द्यायचं.

बोलायचं कसं, याचीही शिस्त असावी. खात्री नसलेला मेसेज पुढे पाठवायचा नाही. माणसावर न बोलता मुद्द्यावर बोलायचं. समोरच्याचं मत वेगळं निघालं, तरी प्रसादाचं ताट त्याच्यापुढे आधी ठेवायचं. आवाज चढला, की थांबायचं. तिथे खरं मौन उपयोगी पडतं.

तर या महिन्याची सेवा म्हणून एवढं करू या. घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत पाहू. ज्या मुला-मुलींना अठरा पूर्ण झाली, त्यांचा फॉर्म 6 भरू. नावात चूक असेल किंवा घर बदललं असेल, तर फॉर्म 8. काही अडलं, तर 1950 हा हेल्पलाइन नंबर आहे. 85 वर्षांपुढच्या आजी-आजोबांना घरून मत देता येतं, पण त्यासाठीचा 12-ड अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, हे लक्षात असू द्या. आणि स्वतःचं झालं, की आणखी एका घरात जाऊन विचारू. ते घर शक्यतो असं निवडू, जिथे विचारायला दुसरं कुणी जाणार नाही.

कुणाला मत द्यायचं, ते आम्ही विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका. नाव आहे ना, एवढं मात्र नक्की विचारू.

श्रीगुरुचरणी अर्पण.

आपल्या सेवेकरी भगिनी,
इंदूर केंद्र